बाराला पाच कमी

'गाठ' या शब्दाचं काय करावं, हे मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून कापून काढलेला भाग आमच्याकडे येतो, आम्ही तो चिरतो, त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेतो, मायक्रोस्कोपखाली बघतो आणि काय दिसलं ते लिहून देतो. काम एवढंच. पण कॅन्सरचा गोळा झाला तर लोक त्याला गाठ म्हणतात, आणि आपल्या सगळ्यांच्या अंगात जन्मापासून असणाऱ्या, रोगाला अडवणाऱ्या बारक्या लसिका ग्रंथींनाही गाठीच म्हणतात. 'लसिका ग्रंथी' म्हटलं की समोरचा माणूस पेपर अवघड गेल्यासारखा चेहरा करतो. म्हणून मीही गाठीच म्हणतो, आणि मग व्हायचा तो घोटाळा होतो.

या वेळी तो माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात झाला.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनेच वाढवलं. म्हणजे जेवू घातलं, बदडलं, अभ्यासाला बसवलं आणि शिवणाच्या मशीनवर पाय मारून मारून डॉक्टर केलं. ती आजही शिवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे आणि हाताने केलेली काजं ही तिची खासियत. मशीनवरचं काज तिला बघवत नाही, त्याला ती 'भोक पाडलंय' म्हणते. कोटाची काजं करून घ्यायला दुसरे शिंपीसुद्धा तिच्याकडे येतात, आणि त्यांच्या शिवणीतल्या चुका काढल्याशिवाय ती कोट परत देत नाही.

भावोजी टपाल खात्यातून निवृत्त झालेत. चाळीस वर्षं या माणसाने लोकांची पाकिटं न उघडता घरोघर पोचवली. आता बायकोची प्रत्येक बातमी उघडून घरोघर पोचवतात.

ताईच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून आतड्याचा हातभर तुकडा, त्याला चिकटलेल्या चरबीसकट, काढून टाकला. त्याच्या आधीच कॅन्सरच्या औषधांच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. त्या चरबीत गाठी असतात. कॅन्सर आतड्याबाहेर पडायला लागला तर बहुतेक वेळा आधी त्या गाठींत उतरतो. गाठी स्वच्छ निघाल्या तर बहुधा पुढे औषध लागणार नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. एखादीत जरी सापडला तर औषध घ्यायला हवं, नाहीतर तो परत येण्याची भीती बरीच वाढते. त्या औषधांतल्या एकाने हातापायांची बोटं बधिर होतात. बहुतेकांची नंतर सुधारतात, काहींची पूर्ण सुधारत नाहीत. एवढ्या सगळ्या सांगण्यातून ताईने एकच गोष्ट उचलली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बोटं गेल्यावर मी जगून करायचं काय? तुमच्या दोघांची तोंडं बघत बसायचं?"

तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं त्या गाठींवर येऊन अडलं होतं.

रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी गेला. सर्जनने भावोजींना फोनवर दीड वाक्यात सांगितलं की सातही गाठी निगेटिव्ह आहेत, पुढच्या आठवड्यात येऊन भेटा. भावोजींनी फोन ठेवला आणि चपला घातल्या. शेजारी, समोर, कोपऱ्यावरच्या दुकानात, सगळीकडे त्यांनी आनंदाने सांगितलं की सात गाठी निघाल्या आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. ऐकणाऱ्यांनी एका गाठीचीच धास्ती घेतली होती, त्यांना सात ऐकायला मिळाल्या, आणि वर निगेटिव्ह म्हणजे काहीतरी वाईटच. तासाभरात तीन बायका ताईच्या पलंगाभोवती डोळे पुसत बसल्या. एकीने तिचा हात हातात घेऊन, आता मन घट्ट करा, असं सांगितलं. ताईने तिघींना घालवून दिलं आणि भावोजींना आत बोलावून विचारलं की नक्की कोण मेलंय.

मला हे सगळं शुक्रवारी सकाळी फोनवर कळलं, ताईच्याच तोंडून, आणि ती हसत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "सातही चांगल्या निघाल्या," ती म्हणाली. "सुटले मी." घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, असा आमच्या विभागाचा नियम आहे, म्हणून मी रिपोर्ट अजून बघितला नव्हता. गाठी चांगल्या आहेत एवढं कानावर होतं, तेवढ्यावर मी खूश होतो. फोन ठेवून मी तो काढून वाचला. तपासलेल्या गाठी सात. त्यांत कॅन्सर शून्य.

सात हा आकडा छापलेला बघून माझं डोकं फिरलं.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये निदान बारा गाठी तपासाव्यात, असं मानतात. बारा हा काही मंत्र नाही. पण त्याहून कमी बघितल्या तर 'गाठी स्वच्छ आहेत' याचा अर्थ 'आम्ही बघितल्या तेवढ्या स्वच्छ आहेत' एवढाच उरतो. बाकीच्या तिथेच चरबीत असतात, बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये बुडालेल्या, आणि त्यांत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. शिकायला आलेल्या डॉक्टरांना मी हे टेबलावर हात आपटून सांगतो. दर वर्षी सांगतो. आणि माझ्याच बहिणीला बाराला पाच कमी.

मी आधी सर्जनला फोन लावला. ते म्हणाले, मी चरबी भरपूर दिली आहे, तुमच्या लोकांना शोधायचा कंटाळा. हे भांडण फार जुनं आहे. गाठी कमी निघाल्या की सर्जन म्हणतात लॅबने शोधल्या नाहीत, लॅब म्हणते सर्जनने कापल्या नाहीत, आणि दोघं मिळून पेशंटला सांगतात की एकेकाच्या अंगातच कमी असतात. आजवर मी या भांडणात लॅबच्या बाजूने तावातावाने बोलत आलो होतो. त्या दिवशी मी बाजू बदलली आणि पाय आपटत नवीबाईकडे गेलो.

नवीबाई म्हणजे आमची धाकटी डॉक्टर. तिला येऊन सहा वर्षं झाली, तरी विभागात ती नवीबाईच. ताईचा नमुना तिने तपासला होता. ती चिरायच्या टेबलापाशी उभी होती, हातात मोजे, पुढ्यात कुणाचं तरी काहीतरी. मी तिला दहा मिनिटं झापलं. चरबीच्या पातळ फोडी करून एकेक फोड बोटांत धरून चाचपायची असते, गाठ तांदळाच्या दाण्याएवढी असते, कधी त्याहून बारीक, आणि ती बोटाला लागायला बोट जाग्यावर असावं लागतं, मनही असावं लागतं, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मोजे काढून बादलीत टाकले.

"सर, त्या सोमवारी तुम्ही मला सहा वेळा फोन केलात."

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध.

"पहिल्या खेपेला सातच मिळाल्या. चरबी फार होती. मी तुम्हाला म्हटलं, ती अजून एक रात्र चरबी विरवणाऱ्या द्रवात ठेवते, म्हणजे गाठी पांढऱ्या दिसतील, उद्या परत शोधते. तुम्ही विचारलंत, मिळाल्या त्या दिसायला कशा आहेत. मी म्हटलं, चांगल्या वाटतात. तुम्ही म्हणालात, मग बस झालं, ताई वाट बघतेय, आजच पुढे लाव." तिने डब्यातून नवे मोजे काढले. "मी तुमचं ऐकायला नको होतं. तेवढी चूक माझी. पण शिव्या मी अर्ध्याच घेणार."

मला आठवलं. सगळं नाही, पण 'बस झालं' आठवलं. मी कँटीनच्या बाहेर उभा होतो आणि ताईचा फोन येऊन गेला होता, म्हणून मी हिला लावला होता. नियम पाळायचा म्हणून मी नमुन्याला बोट लावलं नव्हतं. नुसता तिच्या डोक्यावर बसलो होतो. आता रागवायला मला कुणी उरलं नाही, आणि राग तर सकाळपासून जमलेला होता. असा राग फार त्रास देतो. मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि विचारलं, बरणी आहे का अजून. ती म्हणाली, आहे, महिनाभर ठेवतोच आपण.

पुन्हा शोधायला विभागप्रमुखांनी दोन अटी घातल्या. सर्जनचं पत्र हवं, आणि मी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पत्र सर्जनने लगेच दिलं, कारण त्यामुळे लॅबची चूक कागदावर येत होती. आता ताईला सांगायचं राहिलं. न सांगताही शोधता आलं असतं. पण ती घरभर 'सुटले, सुटले' करत होती, आणि उद्या दुसरा रिपोर्ट तिच्या पुढ्यात ठेवून मी काय बोलणार होतो?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, सात पुरेशा नाहीत, निदान बारा तरी हव्यात. भावोजींचे डोळे मोठे झाले. त्यांना वाटलं, ताईचं पोट परत उघडणार. मी समजावलं की पोट नाही, काढलेला तुकडा बरणीत आहे, त्यातच शोधायचं. तर त्यांना वेगळाच धक्का बसला. आपल्या बायकोचं आतडं इतके दिवस बरणीत आहे आणि आपल्याला कुणी कळवलं नाही. बरणी कुठे असते, कपाटात की फळीवर, कुलूप असतं का, वर नाव नीट लिहिलेलं असतं का, अदलाबदल झाली तर? मी म्हटलं, भावोजी, ती बरणी आहे, पार्सल नाही.

ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही एकदा ठरवा. आधी म्हणालात गाठ म्हणजे संकट. मग सात गाठी निघाल्या, तर म्हणालात छान झालं. आता म्हणता, कमी पडल्या. गाठी असाव्यात की नसाव्यात?"

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. गाठ म्हणजे चाळणी समजा, कॅन्सर म्हणजे खडा. चाळण्या आपल्या सगळ्यांकडे असतात. आपल्याला जास्त चाळण्या बघायच्या आहेत आणि खडा एकही नको आहे. भावोजींनी मान डोलावली आणि म्हणाले की मग तिला चाळणीच म्हणायचं होतं ना. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्यांचं काही चुकलेलंही नव्हतं.

"नको शोधूस," ताई म्हणाली.

मी का म्हणून विचारलं.

"तू बघायला बसलास की काहीतरी काढतोसच. तुझा धंदाच तो. सात चांगल्या निघाल्या, मला पुरे."

"सात पुरेत की नाही, हे तू नाही ठरवायचं. सातवर थांबलो तर ते डॉक्टर म्हणणार, नीट बघितलेलंच नाही, तेव्हा धोका धरून चला. आणि बहुतेक औषध घ्यायलाच सांगतील. कॅन्सर आहे म्हणून नव्हे, माहीत नाही म्हणून. पंधरा-सोळा बघितल्या आणि सगळ्या स्वच्छ निघाल्या, तर सुटशील. खरंच सुटशील."

तिने दोन्ही हात मांडीवर पसरले आणि बोटांकडे बघत राहिली. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शिवताना घालायच्या अंगुस्तान्याचा वळ आहे, तो आता कधी जात नाही. "म्हणजे नुसता कच्चा टाका घालून कपडा गिऱ्हाइकाच्या हातात दिलात," ती म्हणाली. "त्या मुलीने?"

"घाई झाली," मी म्हणालो.

'झाली' हा मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. कुणी केली ते सांगावं लागत नाही. घाई आपली आपण येते, होते आणि निघून जाते. ताईने नवीबाईचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. हिच्या आईने हिला शिवण शिकवायला हवी होती, म्हणजे हाताला वळण लागलं असतं, असंही म्हणाली. मी पाणी पीत बसलो. शेवटी ती म्हणाली, "शोध म्हणावं तिला. आणि सांग, या वेळी नीट."

सोमवारी नवीबाईने उरलेली चरबी बरणीतून काढून त्या द्रवात टाकली, मंगळवारी शोधायला बसली. खोलीच्या दारावर तिने कागद चिकटवला, 'आत काम चालू आहे. चौकशी करू नये.' अख्ख्या विभागात चौकशी करणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी केली नाही. त्या दारावरून मी दिवसात किती वेळा गेलो ते विचारू नका, पण फोन एकदाही केला नाही.

मला मात्र फोन येत होते. सकाळी ताईचा, दुपारी भावोजींचा, संध्याकाळी दोघांचा मिळून. भावोजींना क्रिकेटच्या मॅचसारखा नुसता आकडा हवा होता. गाठी किती सापडल्या ते विभागात सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे मलाही कळत होतं, आणि मी मूर्खासारखा सांगत होतो. मंगळवारी दहा झाल्या. बुधवारी चौदा. चौदा ऐकल्यावर भावोजी बाहेर पडले, आणि संध्याकाळी त्या तीन बायका पुन्हा येऊन ताईच्या पलंगाभोवती बसल्या. बुधवारी काम संपलं तेव्हा एकूण अठरा झाल्या होत्या. नव्या अकरा गाठी मेणात बसवून त्यांचे काप घेणं, ते रंगवणं, यात आणखी दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी घरी एका शब्दाने धड बोललो नाही, आणि बायकोने मला दोनदा विचारलं की माझं तिच्याशी काही भांडण झालंय का.

शुक्रवारी दुपारी नवीबाई माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"अकरापैकी दहा स्वच्छ आहेत, सर," ती म्हणाली.

चांगली बातमी आधी सांगायची, असं मीच तिला शिकवलंय. मी म्हटलं, मला बघायचंय. ती म्हणाली, माझी सही झालीय, प्रमुखांनीही बघून सही केलीय, आता बघा. दोघांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर आम्ही समोरासमोर बसलो. चार मिलिमीटरची गाठ. सगळी व्यवस्थित, आणि एका कडेला तो पुंजका, वेड्यावाकड्या नळ्या करून बसलेल्या पेशींचा. असं मी हजारो वेळा बघितलं असेल. बघितलं की लिहायचं आणि पुढची पट्टी घ्यायची. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हे दिसायला नको होतं. लेन्स पुसली, परत बघितलं. तिथेच होतं. मला रडू आलं आणि नवीबाई उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी मी औषधांच्या डॉक्टरांशी बोललो. एकच गाठ आहे, आणि कॅन्सर आतड्याच्या भिंतीतून फार पुढे गेलेला नाही, तेव्हा सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचं औषध चालेल, असं ते म्हणाले. बोटांना त्रास होणार, पण सहा महिन्यांइतका सहसा होत नाही. औषध घेतलं तर अशा शंभरातले सत्तरहून जास्त जण पाच वर्षांनी ठणठणीत असतात. न घेणाऱ्यांचा आकडा मी विचारला नाही. मला तो पाठ आहे.

शनिवारी सकाळी मी ताईकडे गेलो. तिला मशीनवर बसायला बंदी होती, सुईला नव्हती, म्हणून ती खिडकीशी मांडीवर कोट घेऊन काज करत होती. भावोजी चपला घालून तयार होते, बातमी आली की निघायला. ताईने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"किती?"

"अठरापैकी एक."

भावोजी चपलांसकट पलंगावर बसले. ताईने हातातलं काज पुरं केलं. टाके जवळजवळ घालत, शेवटी आडवे दोन टाके देऊन, दोरा दाताने तोडला. मी तीन महिन्यांचं सांगितलं, सत्तरचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. काही लपवलं नाही. ती मध्ये बोलली नाही, आणि ताई मध्ये बोलत नाही तेव्हा मला सहा वर्षांचा असल्यासारखं वाटतं.

"ही एक पहिल्या सातांत का नव्हती?" तिने विचारलं.

उत्तर तोंडावर तयार होतं, झाली घाई. मी म्हटलं, "घाई मी केली, ताई. ती मुलगी म्हणत होती, एक रात्र थांबू या. मी दिवसभर फोन करकरून तिला थांबू दिलं नाही. तू वाट बघत होतीस म्हणून. म्हणजे तू नाही. मलाच धीर नव्हता."

भावोजींनी मान खाली घातली. ताई माझ्याकडे बघत होती.

"आठवडाभर मी त्या पोरीला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "आणि तू ऐकून घेतोयस."

"हो."

"लाव तिला फोन."

मी लावला. ताईने फोन माझ्या हातातून ओढून घेतला, सरळ माफी मागितली आणि शिव्या घातल्या होत्या हेही सांगून टाकलं. मला वाटलं, आता दोघी माझ्यावर घसरतील. तर ताईने तिला विचारलं की एवढी बारीक गाठ तुला कोणत्या बोटाला कळते. पुढची दहा मिनिटं दोघी बोटांवर बोलत होत्या. अंगठा नको, तो जाड असतो. पहिलं आणि मधलं. मोजे पातळ हवेत. थंडीत हात आधी चोळून घ्यायचे. ताई म्हणाली, माझंही तसंच आहे. कॅन्सरचं नाव दोघींनीही काढलं नाही.

फोन परत देताना ती म्हणाली, "सातवर थांबलो असतो, तर मी औषध घेतलं असतं असं वाटतं तुला?"

मी फोन खिशात ठेवला.

"डॉक्टरांनी डोकं आपटून घेतलं असतं तरी घेतलं नसतं. सातही चांगल्या म्हटल्यावर मी कुणाचं ऐकते? तुझंही ऐकलं नसतं."

तिने ऐकलं नसतं, हे मला माहीत होतं. त्या खोलीत आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. मी तिच्या सुखासाठी केलेल्या त्या सहा फोनांनी तिला मरणाच्या दारात न्यायला काही कमी ठेवलं नव्हतं. हे ती मला बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती बोलली नाही.

"औषध कधी सुरू?"

"पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी. नऊ दिवस आहेत."

"घेईन," ती म्हणाली, आणि पोटाला हात लावत हळूच उठली. दाराशी हँगरवर लोकांचे कपडे लटकत होते, काजं राहिलेले. ते तिने एकेक करून काढले, पलंगावर टाकले आणि भावोजींकडे वळली. "चपला घातल्याच आहेत, तर जा. सगळ्यांना सांगा. ज्याला माझ्या हातचं काज हवं असेल, त्याने कपडा आज नाहीतर उद्या आणून द्यावा. नंतरचं मी सांगू शकत नाही." भावोजी उठले. एवढी सरळ बातमी त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती, आणि ती घेऊन ते काही न बोलता गेले.

ताई पुन्हा खिडकीशी बसली. पुढचा कोट मांडीवर ओढला. काजाची जागा नखाने दाबून बघितली, मग पुन्हा एकदा बघितली, डोळे मिटून, नुसत्या बोटाने. "तू काय बघतोस?" ती म्हणाली. "त्या डब्यात सुया आहेत. सगळ्यांत दोरा ओवून ठेव. माझा त्यातच वेळ जातो."

तिचे पोटाचे टाके काढून आठवडाही झाला नव्हता. इतका वेळ वाकून बसायचं नाही, असं तिला बजावून सांगितलेलं होतं, आणि तिच्या मांडीवर, पलंगावर मिळून पन्नास-साठ काजं तरी पडली होती. घाई करू नकोस, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी तोंड मिटलं आणि सुयांचा डबा पुढे घेतला.